काट्यांच्या मुळाशी

हेजहॉगच्या पाठीवर काही हजार काटे असतात आणि पाठीच्या कडेकडेनं फिरणारा एक गोल स्नायू असतो. धोका जाणवला की हा स्नायू आवळतो. मग नाक, कान, पाय, पोट असं जे जे म्हणून मऊ आहे, ते सगळं आत जातं आणि बाहेर उरतात फक्त काटे. आफ्रिकेच्या माळरानावर कोल्हे येतात, हुंगतात, नाकाला टोचून घेतात आणि निघून जातात. एक मोठं घुबड तेवढं लांब नख्यांच्या जोरावर या किल्ल्यात शिरू शकतं. बाकीचे बहुतेक बाहेरच.

कोल्ह्याकडे प्रसंगानुसार वेगवेगळ्या युक्त्या असतात, हेजहॉगकडे ही एकच. प्राचीन ग्रीक कवी आर्किलोकसला तिचं फार कौतुक होतं. त्याच्या एका ओळीचा आधार घेऊन आयझाया बर्लिन यांनी १९५३ मध्ये टॉलस्टॉयवर एक पुस्तक लिहिलं आणि जगातल्या थोर लेखकांची हेजहॉग आणि कोल्हे अशी वाटणी करून टाकली. दोघांपैकी कुणीही माइट्सचा विचार केलेला दिसत नाही.

माइट म्हणजे कोळ्याच्या नात्यातला, आठ पायांचा, बहुधा मिलिमीटरहूनही लहान जीव. त्यांच्या जाती हजारो आहेत. पाळीव हेजहॉगवर बहुधा सापडते ती कॅपॅरिनिया ट्रिपिलिस. तिला काट्यांची भीती नाही, कारण ती टोकांच्या बाजूला फिरकतच नाही. तिचा मुक्काम मुळांशी. हेजहॉगनं अंग आवळून घेतलं की कोल्ह्याच्या दृष्टीनं दार बंद होतं. माइटच्या दृष्टीनंही दार बंदच होतं, पण ती आतल्या बाजूला असते. ऊब वाढते, वारा लागत नाही आणि बाहेरचं कुणी येऊन त्रास देण्याची शक्यता संपते. एवढ्या बंदोबस्तातली जागा भाड्यानं मिळणं कठीण.

हे ज्ञान मला आमच्या चकलीनं दिलं. चकली ही माझ्या लेकीची हेजहॉग. नाव लेकीनंच ठेवलं, आणि काटे व वेटोळं या दोन्ही गोष्टी पाहता त्यावर कुणी हरकत घेऊ शकलं नाही. फक्त तिला हाक मारली की सांगलीच्या सासूबाई व्हिडिओ कॉलवर विचारतात, "भाजणी कुठून आणलीस?"

आम्ही डेट्रॉइटच्या उत्तरेला राहतो. मिशिगनमध्ये हेजहॉग पाळायला परवानगी आहे. कॅलिफोर्नियात नाही, हवाईत नाही आणि न्यूयॉर्क शहरातही नाही. इथे पाळतात तो आफ्रिकन पिग्मी हेजहॉग. त्याचे पूर्वज ऐंशीच्या दशकात आफ्रिकेतून आले. पुढे जनावरांमधल्या लाळ-खुरकतीच्या भीतीनं अमेरिकेनं ती आयात थांबवली, त्यामुळे आजचे सगळे इथेच जन्मलेले. म्हणजे अमेरिकेच्या नागरिकत्वाचा प्रश्न आमच्या घरात सगळ्यांत आधी चकलीचा सुटलेला होता. हवामान मात्र तिनं अजून आफ्रिकेचंच धरून ठेवलंय. पिंजऱ्यात साधारण चोवीस ते सत्तावीस अंश सेल्सियस तापमान लागतं. त्याहून बरंच खाली गेलं की ती सुस्त होऊन शीतनिद्रेत जायला बघते आणि या जातीला ती निद्रा झेपत नाही, जिवावर बेतू शकते. म्हणून बाहेर उणे पंधरा असताना चकलीच्या डोक्यावर खास दिवा आणि थर्मोस्टॅट असतो, आणि आम्ही वीजबिलाकडे बघत दोन-दोन स्वेटर घालून बसतो.

पहिल्यांदा काटे गळले तेव्हा घरात आनंद झाला होता. हेजहॉगच्या पिलांचे काटे, माणसाच्या पोराचे दुधाचे दात पडावेत तसे, दोनेक महिन्यांपासून पाचसहा महिन्यांपर्यंत टप्प्याटप्प्यानं गळतात आणि त्यांच्या जागी जाड, मोठ्यांचे काटे येतात. त्या काळात पिल्लू चिडचिडं होतं, कारण शेकडो सुया आतून कातडीला टोचत बाहेर येत असतात. लेकीनं ते गळलेले काटे एका काचेच्या बाटलीत जमवले होते. नीट पाहिलं तर प्रत्येकाच्या खालच्या टोकाला एक बारीक गाठ दिसायची आणि काट्याखालची कातडी स्वच्छ, गुलाबीसर. हे सगळं रीतसर.

दुसऱ्यांदा गळले तेव्हा चकली दीड वर्षाची होऊन गेली होती. या वयात दुधाचे दात पडत नाहीत. शिवाय काळ्या फ्लीसच्या अंथरुणावर पांढरी भुकटी दिसायला लागली. नवऱ्याचं मत पडलं की हा कोंडा आहे, मिशिगनच्या हिवाळ्यात हीटरमुळे आपल्या सगळ्यांच्याच कातड्या फुटतात. मत अगदीच टाकाऊ नव्हतं. कोरड्या कातडीनं हेजहॉगलाही कोंडा होतो. पण काट्यांच्या मुळाशी पिवळट खपली धरली होती, डोळ्यांच्या आणि कानांच्या कडांनाही तेच. मागच्या पायानं ती बरगडीशी खाजवायची आणि मधेच थांबून, कुणीतरी हाक मारल्यासारखी, ऐकत राहायची. रात्री चाकावर पळणंही कमी झालं. हेजहॉग एका रात्रीत काही किलोमीटर पळतो. ते चाक थांबलं की घरात इतकी शांतता होते की झोपच येत नाही.

लेकीनं "माइट्स असतील" असं म्हटलं आणि त्या क्षणी आमच्या तिघांच्या अंगाला खाज सुटली. हा भाग मला शास्त्रीयदृष्ट्या सगळ्यांत मोलाचा वाटतो. हेजहॉगची ही माइट माणसाच्या अंगावर संसार थाटत नाही, हे डॉक्टरांनी आम्हाला पुढे सांगितलं. पण शब्दाला ते माहीत नसतं. नवऱ्याची पाठ, माझा कोपर, लेकीची मान. एकजण खाजवायला लागला की दुसरा सुरू. नवरा ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून बसायला लागला. सासूबाईंना फोनवर सांगितलं, तर सांगलीत त्यांनी डोकं खाजवल्याचं आम्ही डोळ्यांनी पाहिलं. (वाचकानं हे वाचताना खाजवलं असेल तर त्यानं संकोच करू नये. लिहिताना मी दोनदा थांबले.)

मग सुरू झाला तपास. आणलं कुणी? नवऱ्यानं मागच्या महिन्यात स्वस्त मिळाली म्हणून लाकडी भुश्याची पिशवी आणली होती. ती पहिली आरोपी. दुसरी आरोपी मी, कारण मैत्रिणीच्या घरी जिथे दोन हेजहॉग आहेत तिथे मी हळदीकुंकवाला गेले होते आणि येऊन हात न धुता चकलीला उचललं होतं, असं लेकीचं म्हणणं. मी हात धुतले होते. तिसरा आरोपी ते दुकान, जिथून चकली आणली. तिन्ही खटले उभे राहिले, साक्षी झाल्या, उलटतपासणी झाली. निकाल डॉक्टरांनी दिला आणि तो कुणालाच आवडला नाही. माइट्स दुसऱ्या हेजहॉगकडून येतात, दूषित अंथरुणातून येतात, हे खरं. पण पुष्कळ हेजहॉगांच्या अंगावर त्या मूठभर प्रमाणात गुपचूप राहतात आणि काही लक्षण दिसत नाही. मग थंडी, आजारपण, जागाबदल, म्हातारपण असं काहीतरी येतं, अंगातली ताकद उतरते आणि मूठभराच्या हजारो होतात. म्हणजे कदाचित चकली आली तेव्हाच त्यांना घेऊन आली असेल. घरातलं भांडण एका महिन्याचं होतं. पाहुणे त्याच्या कितीतरी आधीचे निघाले.

डॉक्टरांकडे जायच्या आधी उपाय सुचवणाऱ्यांची रीघ लागली. शेजारणीनं तिच्या लॅब्रॅडॉरचं उरलेलं पिसवांचं औषध प्रेमानं आणून दिलं. कुत्रा तीस किलोचा, चकली चारशे ग्रॅमच्या आसपास. शिवाय कुत्र्यांच्या काही औषधांत पर्मेथ्रिन असतं, ते लहान जिवांना विषारी पडू शकतं. शेजारणीचे आभार मानून ते औषध तिच्या कुत्र्यालाच परत केलं. एकानं टी ट्री तेल सुचवलं. तेही नको, वासाला सात्त्विक आणि लहान प्राण्यांना घातक. सासूबाईंचा कौल अर्थातच कडुलिंबाला. पाला उकळून पाण्यानं न्हाऊ घाल, वर करंजाचं तेल लाव. आमच्या लहानपणी खरूज झालेल्या पोरांना हेच करायचे, असं त्यांनी सांगितलं. "आई, ती अंग चाटते, पोटात जाईल," मी म्हटलं. "मग जंतही जातील," त्या म्हणाल्या.

सासूबाईंना हसायची मला घाई नाही, कारण या बाबतीत डॉक्टरांचा इतिहासही काही उजळ माथ्यानं सांगण्यासारखा नाही. माणसाची खरूज एका माइटमुळे होते, हे इटलीत बोनोमो आणि चेस्तोनी यांनी १६८७ मध्ये सूक्ष्मदर्शकातून पाहून, चित्र काढून सांगितलं होतं. वैद्यकशास्त्रानं ते ऐकून घेतलं आणि पुढची जवळजवळ दीडशे वर्षं रक्तातले दोष शोधण्यात घालवली. १८१२ मध्ये पॅरिसच्या गॅलेस नावाच्या एका माणसानं खरजेचा किडा सापडल्याचं जाहीर केलं, सचित्र. नंतर निघालं की चित्रातली माइट चीजमधली होती. प्रकरण मिटवलं ते १८३४ मध्ये रेनुची नावाच्या एका विद्यार्थ्यानं. तो कॉर्सिकाचा. पॅरिसच्या सेंट लुई इस्पितळात त्यानं मोठमोठ्या डॉक्टरांसमोर रुग्णाच्या कातडीतून सुईच्या टोकानं माइट उचलून दाखवली. ही विद्या त्याला कुठल्या विद्यापीठानं दिलेली नव्हती. त्याच्या गावाकडच्या बायका पोरांच्या हातांतून अशाच सुईनं माइट्स काढायच्या आणि तो ते बघत मोठा झाला होता. ही हकिगत मी सासूबाईंना सांगितली. त्यांना मुळीच आश्चर्य वाटलं नाही.

तर, डॉक्टर. कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यात हेजहॉग घेऊन गेलं की लोक कौतुकानं बघतात आणि डॉक्टर दारापर्यंत पोचवायला येतात. हेजहॉग, ससे, सरडे बघणारे वेगळे, त्यांना इथे एक्झॉटिक व्हेट म्हणतात. आम्हाला मिळालेल्या डॉक्टरीणबाई शांत होत्या. त्यांनी चकलीला टेबलावर ठेवलं. चकलीनं फुस्स केलं आणि आपली एकमेव विद्या वापरली. बाई वाट बघत उभ्या राहिल्या. आम्ही वाट बघत उभे राहिलो. चकलीला घाई नव्हती.

इथे मला ती गोष्ट दिसली, जी तोवर नीट दिसली नव्हती. ज्यानं तिचं अंग पोखरलं, त्याला हे काटे एकदाही आडवे आले नव्हते. आडवे येत होते ते तिला बरं करायला आलेल्या बाईंना. लेकीनं पोटाखाली हात घालून पाहिला, नवऱ्यानं सुकवलेल्या अळ्यांचं आमिष दाखवलं. (नवरा घरी झुरळाला भितो.) किल्ला उघडेना. शेवटी बाईंनी तिला एका छोट्या पारदर्शक पेटीत ठेवून आयसोफ्लुरेन नावाचा भूल देणारा वायू सोडला. काही मिनिटांनी तो गोल स्नायू सैल झाला आणि चार छोटे पाय, एक लांब नाक, केसाळ पांढरं पोट असा सगळा ऐवज उलगडून पडला. इतक्या महिन्यांत तिचे पायाचे तळवे मी पहिल्यांदा नीट पाहिले. आमच्या ओळखीत असे एकदोन गृहस्थ आहेत, ज्यांची तब्येत विचारायला गेलं की टोचून परत पाठवतात आणि व्याजाच्या दरात फसवणाऱ्याला मात्र आतल्या खोलीत बसवून चहा पाजतात. अशांना आपल्याकडे फणस म्हणायची पद्धत आहे. चकली बघितल्यापासून मला ती पटत नाही. फणसाला निदान खाज सुटत नाही.

बाईंनी काट्यांच्या मुळाशी पात्यानं हलकेच खरवडलं, पडलेला कोंडा चिकटपट्टीवर घेतला, एकदोन काटे काढले आणि सगळं काचपट्टीवर ठेवलं. एकदा खरवडून काही दिसलं नाही, तर नाही म्हणून मोकळं होता येत नाही. दोनतीन जागचं बघावं लागतं. शिवाय काटे गळण्याला बुरशीही कारण असू शकते, ट्रायकोफायटन नावाची, आणि ती माणसालाही गजकर्ण देते. तिचीही तपासणी व्हायला हवी. आमच्या बाबतीत पहिल्याच काचपट्टीवर गर्दी होती. लेकीनं डोळा लावला आणि "आई गं, चालतायत!" असं इतक्या जोरात ओरडली की पलीकडच्या खोलीतला पोपट बोलायला लागला. मीही पाहिलं. गोल अंग, लांब पाय, मागे केस. स्वतःच्या घरात असल्यासारख्या निवांत फिरत होत्या.

औषध काय, तर सेलामेक्टिनचे काही थेंब, मानेमागे काटे बाजूला करून कातडीवर. हे औषध मांजर-कुत्र्यांसाठीचं. हेजहॉगसाठी खास असं कुणी बनवलेलं नाही, म्हणून डॉक्टर वजन बघून प्रमाण ठरवतात. वजन ग्रॅमच्या काट्यावर. दुसरा पर्याय आयव्हरमेक्टिनचा, तोंडातून किंवा इंजेक्शननं; अलीकडे फ्लुरालेनरही वापरतात. कुठलंही असलं तरी एका खेपेत काम होत नाही, कारण अंडी औषधाला दाद देत नाहीत. ती फुटून नवी पिढी बाहेर आली की पुन्हा थेंब. म्हणून दोनतीन आठवड्यांच्या अंतरानं दोनतीनदा. बरं वाटायला लागल्यावर मधेच सोडणारे लोकच माइट्सचे खरे पोशिंदे, असं बाई म्हणाल्या. नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याचे अँटिबायोटिक्सचे अर्धवट कोर्स कपाटात आहेत, तरी त्यानं माझ्याकडे पाहिलं.

यातली सेलामेक्टिन आणि आयव्हरमेक्टिन ज्या कुळातली, त्या कुळाची गोष्ट मला फार आवडते. सत्तरच्या दशकात जपानचे सातोशी ओमुरा ठिकठिकाणची माती जमवून तिच्यातले सूक्ष्मजीव वाढवायचे. इतो शहराजवळच्या कावाना इथे एका गोल्फच्या मैदानालगत उचललेल्या मातीत त्यांना एक जिवाणू मिळाला. तो अमेरिकेत विल्यम कॅम्बेल यांच्याकडे गेला आणि त्यातून आयव्हरमेक्टिन निघालं. १९८१ मध्ये ते आधी जनावरांसाठी बाजारात आलं, मग आफ्रिकेतल्या नदीकाठच्या लोकांना आंधळं करणाऱ्या रोगावर फुकट वाटलं गेलं, आणि २०१५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. २०२१ मध्ये कोरोनाच्या धास्तीनं काही अमेरिकन माणसं घोड्यांसाठीचं आयव्हरमेक्टिन खायला लागली, तेव्हा सरकारी औषध खात्याला जाहीरपणे आठवण करून द्यावी लागली की तुम्ही घोडे नाही आणि गायीही नाही. हेजहॉगचा उल्लेख त्यांनी केला नव्हता.

थेंबाचा वास नाकात गेल्यावर चकलीनं घरी येऊन जे केलं, त्यानं नवरा घाबरला. ती तोंडाला फेस आणून मान वेडीवाकडी वळवत तो फेस स्वतःच्याच काट्यांवर थापायला लागली. त्याला वाटलं, झटका आला. नवा, उग्र वास मिळाला की हेजहॉग असं करतो. का करतो यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. लेक शांतपणे म्हणाली, "बाबा, तिनं अत्तर लावलंय." तिला धरून थेंब वाळेपर्यंत थांबवणं मात्र आमच्याकडून झालं नाही, त्याबद्दल कुणी विचारू नये.

खरं काम पुढेच होतं. माइट अंगावरून गेली तरी अंथरुणात काही दिवस तग धरते. म्हणून भुसा फेकला, लाकडी घरकुल फेकलं (लाकडाच्या भेगा धुऊन स्वच्छ होत नाहीत), चाक आणि पिंजरा गरम पाण्यानं घासला आणि फ्लीसचे सगळे तुकडे मशीनमध्ये सर्वांत गरम पाण्यात टाकून कडक ड्रायर दिला. उपचार चालू असेतो हे घासणं-धुणं रोज. बिअट्रिक्स पॉटरच्या १९०५ मधल्या पुस्तकात मिसेस टिगी-विंकल नावाची हेजहॉग आसपासच्या प्राण्या-पक्ष्यांचे कपडे धुऊन, इस्त्री करून देते. इंग्रज मुलं गेली शंभर वर्षं ही गोष्ट वाचून मोठी होतायत आणि धुणं नेमकं कोण कुणाचं धुतं, याबद्दल त्यांची गैरसमजूत कायम आहे. पॉटरकडे खरी पाळलेली टिगी होती; चित्रासाठी तिला फार वेळ उभं केलं की ती जांभया द्यायची आणि चावायची, असं पॉटरनंच लिहून ठेवलंय. हे मात्र पटतं.

नवीन अंथरूण आणलं की हेजहॉगवाले ते दोनेक दिवस फ्रीजरमध्ये ठेवतात, म्हणजे त्यातून कुणी आलं असेल तर ते गारठून मरावं. त्यामुळे आमच्या फ्रीजरमध्ये आता नारळाचा कीस, भारतातून आलेल्या पुरणपोळ्या आणि कागदाचा भुसा एका कप्प्यात नांदतात. एकदा नवऱ्यानं पोळीची पिशवी समजून दुसरीच काढली आणि तव्यापर्यंत नेली. देवदारासारख्या उग्र वासाच्या लाकडाचा भुसा मात्र गोठवूनही नको, तो श्वासाला बाधतो. दुसरा हेजहॉग आणायचा झाला तर महिनाभर वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांवर. दुसऱ्याच्या हेजहॉगला हात लावला की आधी हात धुवायचे, मग घरच्याला उचलायचं. आणि स्वतःच्या हेजहॉगला हात लावल्यावरही धुवायचेच. इथल्या साथरोग केंद्रानं २०१९ मध्ये साल्मोनेलाच्या साथीनंतर हेजहॉगचे मुके घेऊ नका असं पत्रक काढलं होतं. मुके घेणारे लोक असल्याशिवाय सरकार पत्रक काढत नाही.

शेवटच्या तपासणीत काचपट्टी रिकामी निघाली. पाठीवरच्या टकलावर नवे काटे डोकावायला लागले होते, चाक पुन्हा रात्रभर खडखडत होतं. चकलीनं बाईंना ओळखलं असावं, कारण बाई आत येताच ती दुप्पट जोरानं फुसफुसली. लेकीला त्या रिकाम्या काचपट्टीचं वाईट वाटलं. तिनं विचारलं, आता आमच्यातलं कुणी बघायचं का? बाई हसून म्हणाल्या, माणसांच्या अंगावर माइट बघायची तर शोधावी लागत नाही. चेहऱ्यावरच्या, पापण्यांच्या केसांच्या मुळाशी डेमोडेक्स नावाच्या माइट्स असतात, बहुतेक सगळ्या मोठ्या माणसांच्या, बहुधा काही त्रास न देता. १८४२ मध्ये बर्लिनच्या एका डॉक्टरानं त्यांचं वर्णन करून ठेवलंय.

गाडीत नवरा गप्प होता. घरी आल्यावर त्यानं आरशात बराच वेळ पापण्या पाहिल्या. मग त्यानं सांगलीला फोन लावला आणि आवाज शक्य तितका खाली ठेवून आईला विचारलं, की तो कडुलिंबाचा पाला उकळताना पाणी किती घ्यायचं.